बिनपात्याचा पंखा

जबाब

मी, शिवणवर्गाच्या बाई (गल्लीत याच नावाने ओळखतात), वय ६६ वर्षे, धंदा शिवणकाम शिकवणे, राहणार बाजारामागची चारमजली इमारत, तिसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील घर माझ्या मालकीचे आहे. घरात मी, माझी मुलगी व जावई असे राहतो. जावई कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाऱ्यावर काम करतो. म्हणजे पगार घेऊन फुंकर कशी घालावी याचा अभ्यास करतो. घरीही त्याचे उद्योग चालूच असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, असे मी त्याला तोंडावर म्हटलेले आहे. स्वभावाने गरीब आहे, उलटून बोलत नाही, त्यामुळे भांडणाला मजा येत नाही.

माझ्या झोपायच्या खोलीला खिडकी नाही. एक झरोका आहे, तो इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत उघडतो. पती गेल्यापासून मी ती खोली वापरत नाही, बाहेर सोफ्यावर झोपते. खोलीत पंखा आहे. तो लावत नाही. कोणी विचारले तर बिल वाढते असे सांगते.

जावयाने त्या झरोक्यात एक चपटी पेटी बसवली. पेटी आतून पोकळ, दोन्ही तोंडे उघडी. आत पातळ प्लॅस्टिकवर तांब्याच्या पट्ट्या, वरच्या अंगाला एक उघडी, खालच्या अंगाला जरा सरकवून एक झाकलेली, अशा जोड्या. जोराची वीज दिली की पट्टीच्या कडेला जांभळा उजेड दिसतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो हवेला उघड्या पट्टीकडून झाकलेल्या पट्टीकडे ढकलतो. पाते नाही, मोटार नाही.

आज सकाळी वारा बघायला त्याने मेणबत्ती विझवली आणि तिचा धूर पेटीच्या तोंडाशी धरला. धूर खोलीत यायला हवा होता, तो सरळ डक्टमध्ये गेला व वर चढला. एवढ्या शिकलेल्या माणसाने पट्ट्या उलट्या चिकटवल्या होत्या. मखमलीची लव न बघता कापणाऱ्या मुलींना मी सगळे उसवायला लावते.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना धूर आला, जांभळा उजेड दिसला व झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास आला. त्यांनी स्फोटक आहे असे सांगून पोलिसांना बोलावले. त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात दातात भरलेले पक्के करायचा निळा दिवा आहे. तो चालतो. पोलिसांनी पेटी जप्त केली व जावयाला ठाण्यात आणले.

हा खटाटोप कशासाठी, असे साहेबांनी जावयाला माझ्यासमोर विचारले. त्याने मान खाली घालून सांगितले, “आईंना पंख्याची घरघर सोसत नाही. बाबांचं श्वासाचं मशीन शेवटी तसंच वाजायचं.”

ही गोष्ट मी मुलीलाही सांगितलेली नाही. यानंतर मला पाणी देण्यात आले व जबाब थोडा वेळ थांबवला.

घरमालकिणीची परवानगी नसेल तर जावयावर गुन्हा दाखल होईल, असे मला समजावून सांगितले. परवानगी होती. कधी दिली, असे विचारता, तो घरचा मामला आहे.

पेटी अगदी मुकी नाही. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी चुरचुरते. पण तो आवाज कुणाचा नाही, मला चालेल. डॉक्टरांना त्रास झाला, त्याबद्दल मी स्वतः वर जाऊन बोलेन. जावयाला सोडावे व पेटी आजच परत द्यावी. पट्ट्या सुलट लावायला त्याला दुपार पुरेल. मला आज माझ्या खोलीत झोपायचे आहे.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. जावई बाकावर शेजारीच बसून ऐकत होता. चिंध्यांचे वाक्य खोडू का, असे हवालदारांनी विचारले. राहू द्या, म्हटले.