व्हॅनमधल्या लाह्या

टण्ण! भरदुपारच्या शांततेत डब्याचं झाकण फरशीवर पडलं. दचकू नका मंडळी, आपलं नाही, रोहिणीचं. पण आधी मला सांगा — ज्या गाडीतून मढं गेलं, तिच्यात दुसऱ्या दिवशी आपलं लेकरू बसवाल? पुढच्या रांगेतल्या माउल्या गप्प का?

तर ऐका. व्हॅन! केवढासा इंग्रजी शब्द. चोराला विचारा — पोलिसांची. आजाऱ्याला विचारा — दवाखान्याची. रोहिणीला ठाऊक एकच : सात वर्षांच्या चिऊला शाळेत नेणारी, तुळशीराममामांची. हॉर्न वाजला की वेणी अर्धी, दूध अर्धं, पोर पसार!

त्या सोमवारी चिऊच्या डब्यातून काय निघालं? लाह्या. गुलाल लागलेल्या.

"कुठून आणल्यास गं?"

"व्हॅनमधून. सीटखाली होत्या. खाल्ल्या नाहीत, तुला आणल्या."

गुलालातल्या लाह्या कुठल्या वाटेवर उधळतात, हे मी सांगायला नको. रोहिणीच्या हातून झाकण निसटलं ते इथं. लेकीला तशीच मोरीत नेली, डोक्यावरून पाणी ओतलं, अन् ओल्या केसांनीच हाताला धरून मामांच्या दारी. मामा व्हॅन पुसत होते. चिऊ सवयीनं आत चढली.

"मामा, हिच्यातनं मढं नेलंत?"

"नेलं, ताई. काल."

"आणि आज आमची पोरं बसवलीत? उद्यापासून चिऊ येणार नाही. बाकीच्या आयांनाही सांगते."

मामांचं पोट त्या व्हॅनवर. तरी सबब नाही, गयावया नाही. फडकं पिळत म्हणाले, "सांगा. पण मढं म्हणू नका, ताई. आपली सई होती ती. ताप डोक्यात गेला. वस्तीवर शववाहिनी येईना. तिची आई म्हणाली, रोज हिच्यातनं हसत जायची, आजही हिच्यातनंच जाऊ द्या."

सई! चिऊच्या डब्यातली अर्धी पोळी रोज खाणारी. आठवडाभर तापानं घरी होती, एवढंच रोहिणीला ठाऊक. आणि आत्ता तिनं लेकीच्या अंगावरून धुतलं काय? विटाळ म्हणून — सईला?

नुसत्या माना डोलवू नका. एक व्हॅन आपल्याही दारी यायचीय. तेव्हा विचाराल, आधी कोण बसलं होतं? हसलात. रोहिणीला हसू कुठलं! ती एवढंच म्हणाली, "मामा, उद्या नेहमीच्या वेळेला या."

अन् लेकीला उतरवायला आत वाकली. चिऊ मधल्या जागेवर बसलेली. खिडकीशी तिचा रुमाल अंथरलेला.

"आई, सईची जागा मी रोज धरून ठेवते. उद्या येईल ना गं ती?"