रोज आठ वाजता

हॉस्टेलवरच्या लेकाला पाठवायचं पार्सल पोटाशी धरून काकू कुरिअरच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे शनिवार-रविवारसाठी गावी आलेली कॉलेजची दोन पोरं बोलत होती.

"स्टार्टअप म्हणून हे चालेल?"

"न चालायला काय झालं? एकदा आपला आवाज भरून दिला की ॲप रोज आठ वाजता घरी फोन करतं. आपण मोकळे."

"आईने ओळखलं तर?"

"आपल्या हॉस्टेलवर चाळीस जण महिनाभर वापरतायत. एकीच्याही लक्षात आलेलं नाही."

"इतकं खरं वाटतं?"

"मधेमधे खोकला घातलाय ना. तो ऐकला की आया काळजीने स्वतःच बोलत बसतात, जास्त काही विचारत नाहीत."

रांग सरकली.

"काकू, पार्सलमध्ये काय आहे?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

काकूंनी त्या पोरांकडे पाहत पार्सल काउंटरवर ठेवलं.

"खोकल्याचं औषध. तिसरी बाटली."