हे जगले तर?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य अभियंतासाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे दादा, त्यांच्या शेजारी बळेबळे बसवलेल्या वहिनी आणि पंपघरातल्या माझ्या सोबत्यांनो,

आम्हाला पंपांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, तेव्हा माइक जरा लांबच धरतो.

दादा खरं म्हणजे साठीलाच निवृत्त व्हायचे. पण लोकांचं आयुर्मान वाढलं म्हणून नियम बदलला. दादांच्या जन्मसालापासून पुढच्यांना पूर्ण पेन्शन बासष्टाव्या वर्षी. साठीला जाता येईल, पण मग पेन्शन कायमची कमी. वर्षभराने मोठे असलेले आमचे फोरमन पूर्ण पेन्शन घेऊन हसत घरी गेले. दादा भडकले. "आयुर्मान वाढलं? कोणाचं? आमच्या घरी या, दाखवतो!" आणि त्यात खोटं काय होतं? वडील, काका, थोरले भाऊ, कोणीच बासष्टी पाहिली नव्हती. दादांनी ठरवूनच टाकलं, मिळेल ती पेन्शन घ्यायची आणि उरलेले दिवस घरी काढायचे.

वहिनी तडक पेन्शन विभागात आल्या. म्हणाल्या, "हे मरणार असं धरूनच सगळं चाललंय. हे जगले तर? एवढ्याशा पेन्शनीत मी पंचवीस वर्षं घर कसं चालवू?" आम्ही दाराशी उभे. हसावं की रडावं कळेना. दादा तिथेच अर्ज भरत बसले होते. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "बरं. राहतो दोन वर्षं."

ती दोन वर्षं, मंडळी, आम्हीही जीव मुठीत धरून काढली. दादा नुसते खोकले तरी कोणीतरी स्टूल पुढे सरकवायचं. जड व्हॉल्व्हला आम्ही त्यांना हात लावू देत नव्हतो. ते वैतागायचे, "अरे, म्हातारा झालोय, काचेचा नाही झालो!"

गेल्या आठवड्यात त्यांना बासष्ट पूर्ण झाली. साहेब, माफ करा, त्या दिवशी अर्धा तास कोणी काम केलं नाही. इतकं हायसं वाटलं. पंप बिचारे आपले आपण चालत होते.

काल दादा मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सगळं ठणठणीत आहे. इथून पुढचा मी विचारच केला नव्हता रे. आता करू काय?" मागून वहिनी म्हणाल्या, "आधी चष्मा बदला. आता कशाला नवा, म्हणत तीन वर्षं टाळताय."

आपण माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि दादा, चष्मा चांगला भारीतला घ्या. बरीच वर्षं वापरायचाय.