लाल किडे

वॉर्डाचं दार उघडायची वाट बघत माझ्या शेजारी बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"आज बाबांना मी भरवते. वहिनी, तू फार दमलेली दिसतेस."

"दमायला काय झालंय. बसू दे जरा."

"तुझ्या हाताला कसला गं वास येतोय?"

"बाबांच्या माशांना घालायच्या लाल किड्यांचा. सकाळी ते किडे धुऊन आले."

"मग साबण नाही लावायचा?"

"मुद्दाम नाही लावला. बाबा आधी हात हुंगतात, मग घास घेतात."

"हद्द झाली. माशांना पाकिटातले दाणे टाक ना. कशाला तो चिखलातला उद्योग?"

"ते चालत नाही त्यांना. म्हणतात, जिवंत खाणंच माशांच्या अंगी लागतं. रोज विचारतात, किती वाढले?"

"मग वाढलेत का?"

"मेले, ताई."

"काय सांगतेस!"

"मागच्याच आठवड्यात. तुमच्या भावाने किडे न धुताच ओतले. ऑफिसला उशीर होत होता म्हणे. संध्याकाळी बघते तर सगळे उताणे."

"अगं बाई! बाबांना सांगितलंस?"

"बोटभर वाढलेत, असं सांगितलंय."

"मग आता रोज किडे कुणासाठी धुतेस?"

"कुणासाठी म्हणजे? हात हुंगतात ना ते."

"आणि ठेवतेस कुठे ते किडे?"

"त्याच टाकीत. खायला कोणी नाही, मजेत आहेत. चला, दार उघडलं."

"आण तो डबा. म्हटलं ना, मी भरवते."

"राहू दे, ताई. तुमच्या हाताला साबणाचा वास आहे."