पिटिशनरबाईचा स्टीलचा डबा

—न्हाई ताई, हात असा ताठ धरला तर बांगडी चढायची न्हाई. सैल सोडा, अंगठा आत घ्या — हां, आस्सं. सव्वादोनचा हात हाय तुमचा, बघताच वळखलं मी. आन् तुम्ही इचारलं न्हवं, येनारा-जानारा मला हसून सलाम का ठोकतोय? ठोकनारच की. परवा हायकोर्टात माझं नाव पुकारलं. शहजादी रहीम मणियार विरुद्ध सरकार. मधी 'विरुद्ध', पलीकडं अख्खं सरकार, त्याच्या शेपटाला ती विमा कंपनी — आन् अलीकडं कोन? मी एकटी. आमचे हे म्हनले, तीस वर्सं झाली मी तुझ्या विरुद्ध हाय, मला कुनी कोर्टात बोलावलं न्हाई. हसू नका, काच हाय, रुतंल.

काय झालं व्हतं म्हंता? आमची सून सुमैया, दिवस भरलेले, कळा सुरू — टेम्पोत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. खिडकीवर म्हनले, कंपनीचं विमा कार्ड दावा. नवा नियम म्हनं — कार्ड असंल तर खाट फुकट, नसंल तर आधी पैसं भरा. मी म्हनलं, दवाखाना सरकारचाच हाय ना? म्हनले, हाय, पन नियम हाय. मग काय — व्हरांड्यात, दोन लुगड्यांच्या आडोशाला, झाडूवाली मुक्ताबाई आन् मी. झिशान झाला, चांगला धडधाकट, आता घरात कुनाला बसू देत न्हाई. पन ताई, फरशीवरनं ती पोरगी मला इचारती, "अम्मी, आपलं काय चुकलं का?" आजून इसरले न्हाई मी.

त्याच रागात जयसिंग वकिलाकडं गेले. राहू गावचा हाय, मोठ्या बागायतदाराचं पोरगं, त्याच्या आईच्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरलेला. तो म्हनला, मामी, जगायचा हक्क घटनेनं समद्यांना दिलाय, कार्ड बघून दिल्याला न्हाई. लिवला कागद, मी दिला अंगठा. आन् जजसाहेबांनी हुकूम काढला — निकाल लागंस्तवर कुनालाबी कार्ड मागायचं न्हाई! कासुर्डीची म्हाळसा काल बाळंत झाली, ताई, खाटंवर, गादीवर, डोक्यावर पंखा. मी पेढं घिऊन गेले व्हते. जनू माझीच लेक. आता मंगळवारी निकाल. जयसिंग म्हनतो, कंपनीकडं एकच डाव ऱ्हायलाय — अर्जदार खोटी हाय म्हनायचं. कागदावर लिवलंय ना, माझ्याकडं कार्ड न्हाई म्हनून. ते खोटं निघालं तर मी पडले, माझ्यासंगं खटलाबी पडला, आन् म्हाळसाच्या मागून येनाऱ्या समद्या बाया पुन्हा व्हरांड्यात.

पन मी कशाला खोटी ठरते? सरकवा जरा तो डबा — त्यो न्हवं, स्टीलचा. ब्येस हाय ना? फुकटचा हाय. मागच्या दिवाळीत बाळासो एजंट आला, अंगठा द्या म्हनला, वर डबा भेट. डब्यापायी दिला मी अंगठा, म्हनलं आपलं काय जातंय. आत ही कडक पट्टी व्हती, डब्याची पावती असंल. सव्वादोन आन् अडीचच्या मधी उभी घातलीय मी, मापं मिसळत न्हाईत — बघा की, कशी अक्षी बसलीय. वाचता येत न्हाई मला. तुम्ही वाचा. काय लिवलंय?

...विमा कार्ड? अख्ख्या घराचं? पुन्हा वाचा.

म्हंजी त्या दिशी सुमैया तितं फरशीवर, आन् हे हितं, माझ्या बांगड्यात उभं. या अल्ला.

थांबा — तुमच्या पिशवीतनं ते काळं काय लोंबतंय? कोट? असाच जयसिंगकडं हाय. दवाखाना बघून परत चाललेय, एवढंच म्हनला तुम्ही. कुनासाठी बघितला?

...कंपनीसाठी. बरं.

उठू नका. एक हात भरलेला, एक मोकळा, अशी कुनी बाई माझ्या दुकानातनं गेली न्हाई. द्या तो हात. सैल सोडा. पुन्हा ताठ धरलाय की. धा... अकरा... बारा. आन् ही वरची, आशीर्वादाची, ती समद्यांनाच घालते मी.

मंगळवारी मी सोता डबा घिऊन येनार. सांगनार जजसाहेबांना — कार्ड व्हतं, मला ठावं न्हवतं, आन् कार्ड घरात असूनबी पोरगी फरशीवर बाळंत झाली. मग जिच्या घरात कार्डच न्हाई तिनं कुठं जावं, ते मला न्हाई, कंपनीच्या या वकीलबाईंना इचारा म्हनंन. ठिवा ती पट्टी जागेवर. आन् वाकू नका. बांगड्या भरल्यावर नमस्कार करायची रीत हाय खरी, पन तो तितं करा, कोर्टात, समद्यांच्या म्होरं. जावा आता.