पोत्यावर बसले ती उठले न्हाय

माझं माहेर सांगोल्याकडचं. बाप मेंढरं राखायचा, पाण्यापायी रानोमाळ हिंडायचा, तवा काय सांगू तुमाला, पाण्याची किंमत मला कुणी शिकवाय नको. लगीन होऊन भवानी पेठेत आले. नवरा कापडाच्या मागावर, आन् मी अक्कलकोट रोडला, टावेल रंगवायच्या कारखान्यात. रंगाचं पाणी साफ करायची टाकी हाय, तितं.

त्या टाकीत कोळसा असतोय, बारीक खडा. वरनं पाणी सोडायचं, खाली नितळ पडतंय. रंगातलं तांबं, क्रोम, असलं इरघळलेलं डोळ्याला दिसत न्हाय, पर कोळसा धरतोय. धरून धरून भरला की काढून पोत्यात टाकायचा, नवा घालायचा.

आन् हितंच घोळ की. कोळसा म्हणलं की आमच्या बायकांच्या डोळ्यापुढं न्हाणीतला बंब. पोती न्यायच्या, उन्हात वाळवायच्या, आंघोळीचं पाणी तापवायच्या, वर त्याच राखंनं भांडी घासायच्या. मग तपासणीच्या म्याडम आल्या, म्हणाल्या मावशी, हे जाळलं तरी धातू जळत न्हाय, राखंत ऱ्हातोय, भांड्यातनं पोटात जातोय, इखच ते. माझी जाऊ बी तितंच कामाला, आदल्याच दिवशी तिनं पोतं नेलतं, आन् तिच्या घरात रांगती नात.

तशीच गेले, न्हाणीतनं पोतं वढून भाईर काढलं. जाऊ म्हणली, फुकटचं मिळतंय ते तुझ्या डोळ्यात खुपतंय व्हय? म्हणलं, व्हय, खुपतंय.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणतोय, नेतात तर नेऊ दे की मावशी, आपला टाकायचा तरास वाचतोय. मी गेले आन् पोत्यांवर बसले. बायका वरडाय लागल्या, त्यात जाऊ सगळ्यात म्होरं. त्यो म्हणला कामावरनं काढीन. म्हणलं, काढा की, पर आदी हितनं उठवून दावा. शेवटी मालकानं असला कचरा न्हेणारी गाडी मागवली, तवा उठले. आता पोती शिवूनच ठेवतो, गाडीतच जात्यात. नव्या बायका इचारत्यात, मावशी एक पोतं द्या की. न्हाय म्हणते.

जाऊ अजून बोलत न्हाय. नको बोलू. तिचा बंब आता तुराट्यांवर पेटतोय. नात मोठी झालीया, आमच्या दारात बसून ताटली चाटून पुसून खाती, लई ग्वाड पोर. सुखी ऱ्हा म्हणा तिच्या आजीला, आन् कोळसा मागू नगंस म्हणा.