डिमेलोमधला स्वल्पविराम

अगं, आवाज कशाने बसला म्हणून काय विचारतेस? अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात भांडून आलेय. शेजारच्या फिलू आंटीला रक्ततपासणीला नेलं होतं. बाई डायबेटिसची, त्यात उपाशीपोटी. तिथे आता पावती मशीनमधूनच निघते. स्क्रीनवर कीबोर्ड येतो, त्यावर बोटाने नाव टाईप करायचं.

आंटीचं आडनाव डिमेलो. इंग्रजीत डीनंतर वर एक स्वल्पविराम देतात ना, तो हॉस्पिटलच्याच रेकॉर्डमध्ये आहे. कीबोर्डवर मात्र तो नाहीच! त्याच्याशिवाय नाव टाकलं की मशीन म्हणतं, असा पेशंट नाही.

काउंटरवरच्या माणसाला बोलावलं. त्यानेही चारदा बोट आपटून पाहिलं आणि मला म्हणतो, "मॅडम, आडनाव दुरुस्त करून आणा."

"आडनाव दुरुस्त?" मी किंचाळलेच. "तिला घाम फुटलाय, दिसत नाही? हाताने लिही ना पावती!"

"हाताने लिहिणं बंद झालंय. मशीन नाव घेत नाही, त्याला मी काय करू?"

आंटी भिंत धरून उठली, पर्समधून पेन काढलं आणि त्याच्यासमोर आपटलं.

"माझा नवरा इथेच गेला. त्याच्या मरणाच्या कागदावर हेच आडनाव घातलंत, तेव्हा तुमचं काही अडलं नाही. लिही!"

त्याने तेच पेन उचलून पावती लिहिली.